भोकं राहू दे, आधी पोकळी बघ

लालबाग, मुंबई

प्रिय नंद्या,

तुझ्या बासरीची रेकॉर्डिंग ऐकली. शिसवाचा आवाज काय भरून येतोय रे, खालचं सप्तक तर सुंदरच! पण वर गेलास की सगळे सूर उतरतायत, आणि त्यासाठी तू बोटांची भोकं मोठी करायला निघालायस, तर प्लीज थांब. भोक वाढवलंस की खालचा सूर पण चढणार आणि वरचा पण, दोघांतला फरक फारसा बदलणार नाही. दोष आतल्या पोकळीत आहे.

बघ, सगळी भोकं बंद करून खालचा सूर धरलास की नळीच्या साधारण मध्यावर हवेचा दाब सगळ्यात जास्त हलतो. तोच जोरात फुंकून वरचा काढलास की त्याच जागी दाब जवळजवळ हलतच नाही, हवा मात्र जोरात पुढेमागे पळते. आता दाब हलतो तिथे पोकळी रुंद केली की सूर उतरतो, हवा पळते तिथे रुंद केली की चढतो. म्हणजे मध्यावर किंचित खरवडलंस तर खालचा उतरेल आणि वरचा चढेल, तुला हवंय तेच! मला हे फार आवडतं, एकाच जागी दोन्ही कामं होतात. फक्त भोकं उघडत गेलास की नळी आखूड होते आणि मध्य फुंकायच्या भोकाकडे सरकतो, त्यामुळे एकाच सुरावरून ठरवू नकोस.

आणि लाकडाला हात लावायच्या आधी मातकामाची क्ले घे, मुलांची असते ती, काडीने मध्यावर आतून पातळ थर चिकटव आणि ट्यूनर (सूर किती चढला-उतरला ते दाखवतो तो) लावून दोन्ही सूर वाजव. क्लेने पोकळी अरुंद होते, म्हणून उलटा परिणाम दिसेल. वरचा सूर खालच्याच्या मानाने आणखी उतरला तर जागा बरोबर आहे, तिथेच खरवडायचं. जर्मन बासरीवादक आणि बासरी बनवणारा थिओबाल्ड बोम, त्याने १८४७ मध्ये दुसरी वाट धरली, मुख्य नळी १९ मिमीची सरळ ठेवली आणि डोक्याकडचा भाग बुचाकडे साधारण १७ मिमीपर्यंत निमुळता केला.

पुढच्या बासरीसाठी रीमर, म्हणजे पोकळी आतून हव्या त्या आकारात कापणारं हत्यार, करून घेऊया. नागदेवी स्ट्रीटवरून सिल्व्हर स्टीलचा (हत्यारांच्या पोलादाचा) रॉड आणायचा, कॉम्प्युटरवर उतार काढून सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या लेथवर) तो तसा कापून घ्यायचा, मग लांबीत एका बाजूने घासून अर्ध्याहून किंचित जास्त ठेवायचा की झाली धार, त्यानंतर पाणी द्यायचं, म्हणजे तापवून थंड करून कडक करायचं. लाकडात आधी टप्प्याटप्प्याने लहान होत जाणारे ड्रिल मारायचे, लाकूड फिरतं आणि ड्रिल टेलस्टॉकमध्ये (लेथच्या मागच्या टोकाच्या आधारात) स्थिर, म्हणजे भोक वाकडं जात नाही. रीमर सारखा बाहेर काढून भुसा झाडायचा, नाहीतर भुसा अडकून लाकूड तापतं आणि चिरतं. तोच आकार आधी थ्रीडी प्रिंटवर प्लॅस्टिकमध्ये काढून वाजवून बघता येतो, हे तर फारच भारी झालंय, चांगलं शिसव वाया जात नाही.

एक मात्र घाई करू नकोस. कच्चं भोक मारून तुकडा काही महिने ठेव, लाकूड दोन दिशांना सारखं आटत नाही, गोल भोक अंडाकृती होतं. शेवटचा रीमर त्यानंतरच. इथल्या पावसाळ्यात तर मी फायनल कटिंग करतच नाही.

तर आत्ता फुंकायच्या भोकापासून दर २ सेंमीवर आतला व्यास मोजून पाठव, क्लेचं काय झालं तेही कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुन्या