रेकॉर्डी आपोआप खपत नव्हत्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ध्वनिमुद्रणाच्या इतिहासावर आलेला लेख वाचला. मेहनतीने लिहिलेला लेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातले एक वाक्य मला चार दिवस टोचते आहे. लेखकाच्या मते बोलणारे यंत्र हीच मुळात एवढी नवलाई होती की शंभर वर्षांपूर्वी रेकॉर्डी आपोआप खपत. गाणाऱ्याने गावोगाव हिंडून स्वतःचा माल खपवायचा, ही इंटरनेटच्या काळाने आणलेली पाळी. आजच्या काळाचे आजच्या गायकांनी सांगावे. जुन्या काळाबद्दल लिहिले आहे ते मात्र साफ चूक आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, १९३१ च्या सुमारास पुण्यात बुधवार चौकाजवळच्या एका ग्रामोफोनच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले होते. रेकॉर्ड कशी खपते हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो आहे.

नवलाई किती दिवस पुरते, याचा पहिला चटका खुद्द एडिसनलाच बसला. १८७७ साली यंत्र झाले, १८७८ मध्ये कंपनी निघाली, पण घरी न्यायला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे काय? आवाज उमटायचा तो कथिलाच्या वर्खावर, आणि दोन-चार वेळा वाजवला की वर्खाचे काम संपले. तेव्हा व्याख्यात्यांचे दौरे आखणाऱ्या जेम्स रेडपाथला हाताशी धरले, मुलूख वाटून दिले आणि यंत्र घेऊन माणसे गावोगाव खेळ करत सुटली. तिकीट लावायचे, कुणाला तरी यंत्रात बोलायला लावायचे, कोंबड्यासारखे आरवायचे आणि ते परत ऐकवायचे. शेवटी तो वर्ख फाडून त्याचे तुकडे लोकांना आठवण म्हणून वाटायचे. अगदी प्रसादासारखे! पण वर्ष-दीड वर्षात लोकांची हौस फिटली आणि खेळ बसला. म्हणजे नुसत्या यंत्राच्या नवलाईवर धंदा चालत नाही, हे रेकॉर्डी विकायला येण्याच्या आधीच कळून चुकले होते.

पुढे १९१२ साली एडिसनने जाड तबकड्या काढल्या. त्यांच्यावर हिऱ्याची सुई चाले आणि खाचा खाली-वर जाणाऱ्या असत, त्यामुळे त्या त्याच्याच यंत्रावर वाजत. आवाज उत्तम, किंमत तशीच. अडचण एकच, त्या काळचा सर्वांत गाजलेला इटालियन गायक कारुझो समोरच्या व्हिक्टर कंपनीकडे होता. एडिसनला मोठ्या नावांवर पैसे उधळायचा तिटकारा. गायक तो स्वतः निवडायचा, आणि त्याला ऐकू जवळजवळ येत नसे. (आमच्या पेठेतही असे परीक्षक होऊन गेले, पण त्यांनी निदान कारखाना काढला नाही.) नाव विकता येत नाही म्हटल्यावर त्याच्या माणसांनी यंत्राचा खरेपणा विकायला काढला. १९१५ पासून अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम सुरू झाले. गायिका यंत्राशेजारी उभी राहून आपल्याच रेकॉर्डीबरोबर गायची, मध्येच ओठ मिटायची, गाणे चालूच. मग दिवे जायचे. परत यायचे तेव्हा मंचावर यंत्र एकटेच गात असायचे आणि बाई पसार! १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी रॅपोल्डने हा प्रयोग केला. अ‍ॅना केस, ख्रिस्टीन मिलर, टॉमस चाल्मर्स ही मंडळी आज या गावी, उद्या त्या गावी अशी वर्षानुवर्षे हिंडली. गावातला यजमान असे एडिसनचा माल विकणारा दुकानदार. त्याच्याच हातून निमंत्रणे जात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेले कौतुक तो जाहिरातीत छापे.

आपल्या लेखात या प्रयोगांचा ओझरता उल्लेख आहे, आणि त्यावरून ‘त्या काळचे यंत्र मूळ आवाजाच्या तोडीस तोड होते’ असा निष्कर्ष काढला आहे. कृपा करून तसे म्हणू नका. त्या काळात ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचे आणि जेवढे मेणात उतरेल तेवढे उतरेल. अ‍ॅना केसने म्हातारपणी सांगून टाकले की आपण आवाज यंत्राच्या मापाने ठेवत होतो.

हे मला नुसते वाचून पटले नव्हते. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गंमत करून पाहिली. आमच्या मजल्यावरची एक शेजारीण किराणा घराण्याचे गाणे शिकते. तिचा एक अभंग आधी मोबाइलवर घेतला. कार्यक्रमाच्या वेळी पडद्यामागे ती आणि स्पीकर शेजारी-शेजारी, मोबाइलमधला तंबोरा सतत चालू, दिवे बंद. दोन कडवी तिने गायली, तिसरे स्पीकरने. कुणाला काही सांगितले नव्हते. बावीस माणसे होती, त्यांतल्या अठरांना पत्ताही लागला नाही. मग प्रकार सांगून तोच अभंग पुन्हा केला, तर पंधरा जणांनी अचूक ओळखले. कान तेच, माणसे तीच. पहिल्यांदा सगळे पाहुणे म्हणून बसले होते, दुसऱ्यांदा परीक्षक म्हणून. पण खरी गोष्ट नंतर कळली. खिरापत खाताना ती मुलगी म्हणाली, “काका, शेजारी स्पीकर आहे म्हटल्यावर माझा आवाज आपोआपच बारीक लागत होता, मी त्याच्यासारखी गायले.” अ‍ॅना केसचे नावही तिने ऐकलेले नव्हते.

व्हिक्टरचे गणित निराळे. कारुझोसारख्याला हिंडवायची गरज नव्हती. अशी बडी असामी गावात आली की दुकानदाराने काचेत फोटो लावायचा आणि माल भरून ठेवायचा, बस्स. हलकीफुलकी गाणी गाणाऱ्यांचा मात्र फिरता ताफाच होता. हेन्री बर, बिली मरे, आल्बर्ट कॅम्पबेल, जॉन मेयर, फ्रँक क्रॉक्स्टन, विनोदी किस्से सांगणारा मन्रो सिल्व्हर, बँजोवर फ्रेड व्हॅन एप्स आणि पियानोवर फ्रँक बँटा, असे आठ जण. इथेही यजमान गावोगावचे व्हिक्टरचे विक्रेते. यातली बरीच मंडळी आधी चार कंपन्यांकडे गात असत. १९२० मध्ये व्हिक्टरने बर, मरे यांना आपल्यापुरते बांधून घेतले, आणि त्यात नवल नाही. विक्रेत्याने पदरमोड करून ताफा आणायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि सकाळी समोरच्या दुकानातून त्याच गायकाची दुसऱ्या कंपनीची रेकॉर्ड उचलायची, हे कुठल्या व्यापाऱ्याला चालेल? तिथल्या लोकांनी हे आवाज घरात वर्षानुवर्षे ऐकलेले, माणूस पाहिलेला नाही. ते तोंड पाहायला येत.

पुण्यात उलटे होते. आपल्याकडे माणूस आधी दिसे.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, हे आपल्या लेखात आहेच. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापून परत येत. पण आपल्या मुलखात गाणाऱ्यांना फिरवायला कंपनी लागत नव्हती, नाटक मंडळ्या आधीच फिरत होत्या. नटसंच, पडदे, साथीदार, आचारी असा सारा बाडबिस्तरा घेऊन गावोगाव मुक्काम करणाऱ्या. त्यांच्या मागोमाग रेकॉर्डी जायच्या. दौऱ्याचा खर्च मंडळीचा, विक्री दुकानदाराची. एडिसनला हा प्रकार कळला असता तर हेवा वाटला असता.

दादांचे काम इथे सुरू होई. मंडळीचा पुण्यात मुक्काम पडला की दुकानाचे मालक दादांना पिटाचे, म्हणजे स्वस्तातले, तिकीट काढून देत. चैन म्हणून नव्हे. कुठल्या पदाला किती ‘वन्स मोअर’ पडले, हे मोजून सकाळी सांगायचे. दादा पावतीपुस्तकातला एक कोरा कागद नेत, प्रत्येक पदाची पहिली ओळ लिहीत आणि पुढे रेघा ओढत. गंधर्व मंडळीचे नाटक असले की रेघा कागदाच्या पलीकडच्या कडेला लागायच्या आणि घरी यायला पहाट व्हायची. सकाळी मालक चहा पिता पिता तो कागद वाचत आणि त्यावरून मुंबईला मागणी जाई, या पदाच्या दोन डझन, त्याच्या सहा. दादा सांगायचे, की कागद सहसा चुकत नसे. चुके तो पावसाळ्यात, कारण पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात वन्स मोअर नीट मोजता येत नसत. ते कागद जपून ठेवायची अक्कल आमच्यापैकी कुणाला झाली नाही. वाडा पाडला तेव्हा रद्दीत गेले.

गिऱ्हाईक येई ते निम्मे गुणगुणतच. नाटकाचे नाव आठवत नसे, रागाचे तर सोडाच. काउंटरवर उभे राहून पहिली ओळ म्हणायचे आणि ‘ही द्या’. दादा त्यातून रेकॉर्ड ओळखून काढत. एक गृहस्थ मात्र दुसऱ्या दिवशी तबकडी परत घेऊन आले. म्हणाले, फसवलेत, परवा हेच पद अर्धा तास चालले होते आणि ही तर तीन मिनिटांत बंद पडते! मालकांनी त्यांना बसवले, चावी दिली, नवी पिन लावली आणि रेकॉर्ड पुन्हा ऐकवली. गृहस्थ डोळे मिटून ऐकत राहिले आणि संपल्यावर उरलेले पद स्वतःच म्हणू लागले. रेकॉर्ड परत न देता घेऊन गेले. मला वाटते, सगळी मख्खी इथेच आहे. तीन-साडेतीन मिनिटांत कुणाचे गाणे मावत नाही. रात्रभर बसून जो ऐकून आला आहे, त्याच्याकडे उरलेले गाणे असते आणि तबकडी त्याला फक्त सुरुवात करून देते. ज्याने ऐकलेलेच नाही त्याला ती तीन मिनिटांचीच.

अर्थात हा रस्ता उलटाही चाले. अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड गदगच्या दुकानात लागलेली ऐकून भीमसेन जोशींनी घर सोडले, ही हकिकत पुण्यात कुणाला माहीत नाही? खाँसाहेब स्वतः जन्मभर हिंडले आणि १९३७ साली दक्षिणेतल्या एका रेल्वे स्टेशनवर प्रवासातच गेले.

आणि भास्करबुवा बखल्यांचे काय? १९११ साली पुण्यात भारत गायन समाज त्यांनी काढला, ‘स्वयंवर’ला चाली दिल्या. त्या चाली बालगंधर्वांच्या आवाजात तबकड्यांवर घरोघर गेल्या. बुवा १९२२ मध्ये गेले आणि त्यांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. दौरा न करणाऱ्याची रेकॉर्ड खपत नसे म्हणावे, तर रेकॉर्ड न करणाऱ्याचा दौरा हवेत विरून जाई. दादा हा विषय निघाला की गप्प होत. बुवांना त्यांनी ऐकलेले नव्हते, त्यांच्या वयाला ते शक्यही नव्हते, पण दुकानात म्हातारी गिऱ्हाइके येऊन ‘बुवांची काही आहे का?’ असे विचारत आणि नाही म्हणताना दादांना लाज वाटे, जणू दुकानानेच ठेवली नाही.

पुढे अमेरिकेत रेडिओ आला, १९२५ पासून विजेवर ध्वनिमुद्रण होऊ लागले, टोन टेस्ट बंद पडल्या आणि १९२९ च्या ऑक्टोबरात एडिसनने रेकॉर्डींचा धंदाच आवरला. इथे नाटक मंडळ्या बसल्या आणि बोलपट आले. मग दादांना पिटाचे तिकीट बंद झाले. बोलपटाला वन्स मोअर मिळत नसे, तेव्हा रेघा कशाच्या ओढणार?

तेव्हा ‘आपोआप खपत’ हे वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करावे, ही विनंती. आणि ज्यांच्या घरी जुन्या ग्रामोफोनच्या दुकानांच्या वह्या, कंपन्यांच्या महिन्याच्या याद्या, नाटकाच्या जाहिरातींच्या पाठी ओढलेल्या रेघा असतील, त्यांनी वाडा पाडण्यापूर्वी एकदा माळ्यावर पाहावे. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी तबकड्या मिळतात, पण त्या विकल्या कशा, ते सांगणारा कागद मला तिथे आजवर सापडलेला नाही.

जाता जाता. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘एडिसनचा ग्रामोफोन’ असे छापले आहे. ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, एडिसनचा फोनोग्राफ. आणि चित्रातल्या यंत्रावर तर ग्रामोफोनवाल्यांचे, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे, कुत्र्याचे बोधचिन्ह ठळक दिसते आहे. वाक्याची दुरुस्ती छापायला जागा नसेल तर राहू दे, पण तेवढे नाव बदला. दादा असते तर पुरवणी हातात घेऊन सकाळीच आपल्या कार्यालयात हजर झाले असते.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सदाशिव पेठ, पुणे ३०