विषय: ४०५ च्या लेबलाखाली ४५५ चा दिवा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

आत्ताच तुमच्या माणसाने फोन ठेवला आणि पाठोपाठ मेसेज आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' कसलं निराकरण?

तुमच्या फोटोरिअॅक्टरच्या (प्रकाशानं रासायनिक प्रक्रिया घडवणाऱ्या यंत्राच्या) एलईडी मॉड्यूलवर ४०५ नॅनोमीटर ही तरंगलांबी छापलीय. विद्यापीठात स्पेक्ट्रोमीटरवर तपासलं, प्रकाशाचं शिखर ४५५ ला. आलेख मेल केलाय; कुणी उघडला असेल असं वाटत नाही. आमच्या प्रक्रियेत थायोझँथोन हे रसायन प्रकाश शोषतं आणि ऊर्जा पुढे देतं, मग इमाईन आणि अल्कीन ही दुहेरी बंधांची दोन संयुगं जुळून अझेटिडीनचं चार अणूंचं वलय तयार होतं. ४५५ ला थायोझँथोन जवळजवळ काहीच शोषत नाही. रात्रभर दिवा चालवून सकाळी टीएलसी (प्रक्रिया किती झाली ते दाखवणारी चाचणी) पाहावी, तर कच्चा माल जसाच्या तसा.

आता तुमच्या तज्ज्ञाचं ऐका. "सर, लाइट लागते का?" लागते. "कलर कुठला?" निळा. "मग मशीन ओके आहे सर." अहो, निळा दिसतो हीच तर तक्रार आहे! ४०५ चा प्रकाश जांभळा असतो. म्हणजे पुरावा यानंच माझ्या तोंडून काढून घेतला, आणि याला पत्ताच नाही. वर सल्ला: "थोडं गरम करून बघा." हे काय गुऱ्हाळ आहे, जाळ वाढवला की काम झालं? अझेटिडीनच्या वलयात मोलला सुमारे २५ किलोकॅलरी ताण असतो, आणि दोन दुहेरी बंधांची ही जुळणी नुसत्या उष्णतेनं सरळ होत नाही, म्हणून तर दिवा विकत घेतला. तरी हा थांबेना. "नाहीतर उन्हात ठेवा सर, कोल्हापुरात ऊन भरपूर." जुलैत! १९०९ साली इटलीत पातेर्नो या रसायनशास्त्रज्ञांनी याच जातीची प्रक्रिया उन्हात केली होती खरी. पण त्यांना कुणी उन्हाचं बिल लावलं नव्हतं.

तुमचंच जुनं यंत्र घेतलं तेव्हा इंजिनिअर स्वतः गोकुळ शिरगावला आला होता, दिव्याचा मोजलेला आलेख हातात देऊन गेला. ते यंत्र अजून चालतंय. त्याच भरवशावर हे घेतलं.

लेबल ४०५, दिवा ४५५. पुन्हा लिहितो, कारण फोनवर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. आठवड्यात खरं मॉड्यूल त्याच्या स्वतःच्या आलेखासह आलं नाही, तर उरलेली रक्कम विसरा आणि वकिलाची नोटीस घ्या.

आणि 'आमची सेवा कशी वाटली' हे विचारणं तेवढं बंद करा.

एक ग्राहक, गोकुळ शिरगाव एमआयडीसी, कोल्हापूर