रिकाम्या कॅबमध्ये अण्णा

कोथरूड, पुणे

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

तुझं इंजिन मी उघडलं. दिवाळीनंतर निघताना तू बजावून गेला होतास, की आई, आत हात घालू नकोस, पुढच्या खेपेला मी डीकोडर, म्हणजे इंजिनाला हुकूम पोचवणारी चिप, बसवतो. पण गेले पाच महिने ते ब्लॅक फाइव्ह, तिकडच्या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं मॉडेल, शोकेसमध्ये उभं होतं आणि रोज फडकं मारताना त्याची रिकामी कॅब दिसायची. ड्रायव्हर नाही, फायरमन नाही. ज्या घरातल्या अण्णांनी दौंडच्या शेडमध्ये उमेदीची सगळी वर्षं कोळसा मारला, त्या घरात असं इंजिन मला बघवेना. काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा उघडताना तुला शोधाशोध करावी लागणार नाही.

घड्याळजी वापरतात तसे बारीक स्क्रू ड्रायव्हर रविवार पेठेत बोहरी आळीतून आणले. जुना मसाल्याचा डबा स्वच्छ धुऊन त्याच्या वाट्यांत कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या: पुढचा स्क्रू, कॅबखालचे, टेंडरचे म्हणजे मागच्या कोळशाच्या गाडीचे. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला. इंजिन उलटं ठेवायला खोक्यातलाच फोम घेतला, कारण बाजूचे दांडे आणि व्हॉल्व्हची पट्ट्यापट्ट्यांची जोडणी यांवर बोटाचाही भार पडता कामा नये. बॉडी आधी मागून उचलायची, मग पुढे सरकवून काढायची. अडली तर ओढायची नाही. कुठेतरी एखादी नळी किंवा दांडी अडकलेली असते, ती आधी शोधायची. चाकांखालची पट्टी मी उघडली नाही, तूही उगाच उघडू नकोस. एका आसावरच्या दोन चाकांच्या खिळी एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात. एक चाक आसावर जरा जरी फिरलं, तरी दांडे अडतात आणि इंजिन लंगडायला लागतं.

एक चूक झाली, तीही सांगते. इंजिन आणि टेंडर जोडणारा चार तारांचा प्लग मी पकडीने धरायला हवा होता. मी तारांना धरून ओढला आणि काळी तार मुळातून तुटली. भोसरीत वीस वर्षं बोर्डांवर सोल्डरिंग केलेल्या बाईच्या हातून हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री तसंच झाकून ठेवलं. सकाळच्या उजेडात भिंग लावून, बारीक टिपने, आधी फ्लक्स आणि मग एकच थेंब, असा जोड दिला. तो जोड आता बाकीच्या तिन्हींपेक्षा पक्का आहे, त्याची काळजी करू नकोस.

आता माणसांचं. तू ठेवून गेलेल्या पाकिटात तीन पांढरी माणसं होती. अण्णांची उंची पाच फूट सहा इंच. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतरही तेवढंच, १६७६ मिलिमीटर. मी रुळांच्या मापाचा माणूस आहे, असं ते अभिमानाने सांगायचे. तुझं मॉडेल ओओचं, म्हणजे एकास ७६.२. भागाकार केला तर अण्णा बरोबर २२ मिलिमीटरचे होतात. गंमत बघ, त्यांच्या पायाखालचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच. ब्रिटनमधलं खरं गेज १४३५ मिलिमीटर, त्या हिशेबाने रूळ पावणेएकोणीसच्या आसपास हवेत. तू लहान असताना मे महिन्यात आपण भाऊसाहेब जोशींच्या म्युझियममध्ये पुन्हा पुन्हा जायचो, तिथली मांडणी एचओची, एकास ८७. त्या मापाला १६.५ अगदी बरोबर बसतं. तू कठड्याला हनुवटी टेकून उभा राहायचास आणि प्रत्येक इंजिनाच्या खिडकीत माणूस आहे का, ते शोधायचास. ते मी विसरलेले नाही.

एका माणसाची टोपी ब्लेडने तासली आणि पातळ कागदाची पट्टी फेव्हिकॉलमध्ये भिजवून त्याच्या डोक्याला रुमाल बांधला. निळा शर्ट, काळवंडलेले हात. पायाखालची चकती कापून टाकली, नाहीतर छप्पर डोक्याला लागतं. चिकटवायलाही फेव्हिकॉलच वापरला. झटपट गोंदाच्या वाफेने खिडकीच्या काचा पांढुरक्या होतात, आणि पुढे कधी माणूस हलवायचा झाला तर मोडूनच काढावा लागतो. इंजिन आणि टेंडर यांच्यामध्ये जी पट्टी असते, तिच्यावर फायरमनचा पाय येऊ द्यायचा नाही. वळणावर ती सरकते आणि माणूस गाडीला अडसर होतो. अण्णांना म्हणून सगळेच्या सगळे इंजिनाच्या बाजूला उभे केले, भट्टीच्या दाराकडे तोंड करून.

भट्टीसाठी तपकीर गल्लीतून नारिंगी एलईडी आणि रेझिस्टन्स आणले. डीकोडर टेंडरमध्ये आणि भट्टी इंजिनात, म्हणून वाइंडिंगच्या दोन बारीक तारा मधून नेल्या. त्यांना वळणापुरती ढील ठेवली आहे आणि मध्ये दोन पिनांचा छोटा प्लग दिला आहे. डीकोडरची निळी तार सगळ्यांची सामाईक धन, ती एलईडीच्या लांब पायाला. आखूड पायाला रेझिस्टन्स आणि पुढे हिरवी. मी ४.७ किलोओम घातला. एक किलोओमने दिवा लख्ख लागतो, पण भट्टी दिव्यासारखी दिसून कशी चालेल? लाल-काळी रुळांकडून येतात, नारिंगी-करडी मोटरला जातात. डीकोडर लावण्याआधी मीटरने तपासून घेतलं, की मोटरची दोन्ही टोकं रुळांपासून आणि चासीपासून पूर्ण सुटी आहेत. तिथे कुठे जोड राहिला तर डीकोडर पहिल्याच क्षणी जळतो.

स्पीकर टेंडरमध्ये कोळशाखाली बसवला. आधी उघडाच लावला होता, तर आवाज डबडा यायचा. स्पीकरच्या पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना मारतात. मागून प्लास्टिकची डबी करून हवाबंद केली आणि एकदम भरीव आवाज आला.

मग डीकोडरचा पत्ता, म्हणजे क्रमांक, तीन ठेवून गाडी सुरू केली. स्पीकरमधली भकभक चाकांशी जुळत नव्हती. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडायला हवेत. मी दांड्यावर नजर ठेवून मोजत होते आणि डीकोडरमधले आकडे बदलत होते, संध्याकाळचे दोन तास त्यातच गेले. अण्णा म्हणायचे, ठोके समान पडले नाहीत तर व्हॉल्व्ह बिघडलाय असं समजायचं, ते बघायला शेडपर्यंत जावं लागत नाही. क्वार्टरच्या ओट्यावर जेवायला बसले असताना यार्डातून येणाऱ्या इंजिनाचा हात ते ओळखायचे. परवा चार ठोके नीट जुळले तेव्हा मी टेबलाशी बसून बराच वेळ गाडी नुसती गोल फिरू दिली. भट्टीचा उजेड त्यांच्या शर्टावर पडतो रे. तो पडेल असं मी ठरवून केलं नव्हतं.

तुझ्याकडून एक हवं आहे. अण्णांनी आयुष्य काढलं ते डब्ल्यूजी, म्हणजे ब्रॉडगेजच्या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनांवर. १९५० मधली पहिली डब्ल्यूजी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीत बांधलेली. पुढे चित्तरंजनला ती शेकड्यांनी झाली आणि १९७० मध्ये तिथलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन निघालं तेही डब्ल्यूजीच, ‘अंतिम सितारा’. तू ग्लासगोच्या रिव्हरसाइड म्युझियममधल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या अवाढव्य इंजिनाचा फोटो पाठवला होतास, तेही नॉर्थ ब्रिटिशचंच. एखाद्या रविवारी त्या कंपनीच्या कारखान्याच्या जागी, स्प्रिंगबर्नला, जाऊन ये. कारखाना उरलेला नसला तरी ती जागा आहे. मिचेल लायब्ररीत डब्ल्यूजीचा एखादा जुना फोटो बघायला मिळतो का, तेही विचार. कॅब आतून दिसत असेल तर फारच छान.

आपल्याकडे ब्रॉडगेजच्या इंजिनावर माणसं तीन असायची, ड्रायव्हर आणि दोन फायरमन. तुझ्या ब्लॅक फाइव्हमध्ये दोनच मावतात. तिसरा हळदीच्या वाटीत ठेवला आहे, हरवणार नाही. ड्रायव्हर डाव्या बाजूला आहे, पण तो मी चिकटवलेला नाही, मेणाच्या ठिपक्यावर नुसता उभा केलाय. त्याला रंगही दिलेला नाही. तो तू येऊन दे. ब्रश धुऊन डब्याशेजारीच ठेवले आहेत.

तुझी,
आई