पाच जणांची दोन तिकिटं

कोल्हापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भावा,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री अकराला वाचला. लगेच फोन करणार होतो, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणून विषय संपवतोस हे हॉस्टेलच्या खोलीपासून वीस वर्षं बघतोय. म्हणून आज सकाळी कागद घेऊन बसलो.

तुझ्या नोकरीचं बिनसलंय, त्याचं काय ते होईल. डिसेंबरमध्ये तुम्ही सगळे इकडे राहायला येताय, घराचं बघून ठेवतो, शाळेचंही विचारतो. मला टोचलं ते शेवटचं वाक्य. "पोरांना आता कुठं नेता येणार नाही, आणि रविवार आला की ती माझ्या तोंडाकडं बघणार." ते तीनदा वाचलं. एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, आज सांगतो. दोन वर्षांपूर्वी सात महिने माझा पगार अर्धाच येत होता. हेच वाक्य मी तेव्हा मनात रोज म्हणायचो.

त्याच्या आधी आम्हीही पोरांना घेऊन मॉलमध्ये जायचो. खेळांच्या मजल्यावर कार्डात पैसे भरायचे आणि ते संपेपर्यंत खेळायचं. दर पाच मिनिटांनी कार्डात किती उरले तेच मी बघायचो. धाकटा काय खेळतोय, हसतोय की घाबरलाय, ते एकदाही नीट बघितलं नाही. कार्ड संपलं की तो रडायचा, मी चिडायचो, आणि परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोलायचं नाही.

मग एका संध्याकाळी गंगावेशीत गाडी पंक्चर झाली. दुकानदार म्हणाला अर्धा तास लागेल. बाजूलाच दूध कट्टा. आपण दोघं परीक्षेच्या दिवसांत तिथं जायचो, आठवतं ना? म्हशी दावणीला, माणसं रांगेत, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा. त्याला कठड्यावर उभं केलं आणि तो हललाच नाही. कासेला पाणी मारणं, पान्हा फुटायची वाट बघणं, चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज, आणि चरवी भरत जाते तसा बदलत जाणारा आवाज. गाडी होऊन पडली होती तरी आम्ही तिथंच. (त्याला कच्चं दूध प्यायला दिलं नाही. लहान पोरांना मी देत नाही. लिटरभर घरी आणून तापवलं. तू आपल्या वेळसारखा तिथंच ग्लास पोरांच्या तोंडाला लावू नकोस.)

त्या रात्री बायको म्हणाली, "ह्याला मशीन नको, माणूस काम करताना दिसला पाहिजे." ते मी धरून ठेवलं. त्यानंतर रविवारी बाहेर पडताना "कुठं फिरायला जायचं" असं आम्ही विचारतच नाही. "कुठं काय चाललंय" असं विचारतो. आणि ह्या गावात सारखं काही ना काही चालू असतं भावा. आपण शिकायला होतो तेव्हा आपल्याला ते दिसलं नाही, कारण आपल्या हाताला धरून कुणी "हे काय आहे" विचारत नव्हतं.

आधी गुऱ्हाळाचं सांगतो, कारण तुम्ही याल तेव्हा हंगाम जोरात असेल. सासुरवाडीच्या शिवारात, करवीर तालुक्यातच, एक गुऱ्हाळ अजून चालू आहे. कमी होत चाललीत रे ती दरवर्षी, म्हणून म्हणतो लवकर दाखव. पोरांना सकाळीच न्यायचं. चरकात ऊस जातो, रस मोठ्या काहिलीत येतो, आणि खाली चुलवाणात जळतं काय, तर त्याच उसाची वाळलेली चिपाडं. थोरलीला हे फार आवडलं. ऊसच रस देतो आणि ऊसच त्याला शिजवतो, असं तिनं वहीत लिहून ठेवलंय. रस तापला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहतात. हिरवट रस पिवळा होतो, मग तांबूस. बुडबुडे आधी लहान, मग मोठे आणि जड. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळते का बघतो. गोळी वळली की मात्र धावपळ. काहील उतरवून पाक वाफ्यात ओततात, आणि जरा निवला की फावड्यानं ओढून साच्यात भरतात. त्या क्षणी पोरांना हात धरून लांब उभं करायचं, पाक ११५ अंशांच्या पुढं गेलेला असतो, त्यात चेष्टा नाही. नंतर उसाच्या कांडीला गुंडाळलेला गरम गूळ मिळतो. तो खाताना धाकट्याचं तोंड बघ एकदा. पैसे कुणी मागत नाही, पण रिकाम्या हातानं येऊ नये. आम्ही पाच किलो गूळ आणि बाटलीभर काकवी तिथूनच घेतो. नाहीतरी वर्षभर गूळ लागतोच, म्हणजे सहलीचा वेगळा खर्च असा झालाच नाही.

तालमीतही नेलं. पहाटे सहाच्या आत पोचायचं, वस्तादांना आधी विचारायचं, चपला बाहेर. तांबड्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मिसळतात म्हणून तिचा वास वेगळा येतो. धाकट्यानं तो वास घरी येईपर्यंत हाताला हुंगला. पण थोरलीनं विचारलं, मी उतरू का मातीत? तिथं मुलींना उतरू देत नाहीत. मला उत्तर देता आलं नाही आणि अजूनही ते मनाला लागून आहे. मुलींची कुस्ती आता दुसरीकडं शिकवतात, तिथं तिला घेऊन जाणार आहे. खासबागचं मैदान मात्र दोघांनाही सारखंच आवडतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ मधलं. मधे खोल हौदा आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. कुस्ती नसेल त्या दिवशी उघडं मिळालं, तर पोरांना वरच्या पायरीवरून हळू बोलायला लाव आणि तू खाली उभा राहा.

पन्हाळ्याला एसटीनं जायचं, गाडी काढायची नाही. तू म्हणशील एसटी कशाला, तर हिशोब ऐक. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, आणि आई शहात्तरची. थोरली नऊ वर्षांची, तिला अर्धं. धाकटा चारचा, त्याला तिकीटच नाही. राहिलो मी एकटा पुरा. पाच जणांची मिळून दोन तिकिटं! आई दर वेळी कंडक्टरपुढं आधार कार्ड असं धरते, जणू पदक मिळालंय. स्टँडवरून वीसेक किलोमीटर, वाघबीळ आलं की गार वारा लागतो आणि पोरं खिडकीवरून भांडायला लागतात. तेवढं भांडण होऊ द्यायचं.

वर गेल्यावर सगळा गड बघायच्या नादी लागू नकोस. तटबंदी सात किलोमीटरच्या वर आहे, लहान पाय थकतात आणि मग आपण ओरडतो. एका खेपेला दोनच जागा. पहिल्या खेपेला अंबरखाना, म्हणजे गडावरची धान्याची कोठारं, कर. गंगा कोठीत शिरून धाकट्यानं स्वतःच्या नावानं हाक मारली, ती परत आली, आणि पाऊण तास तिथंच गेला. दुसऱ्या खेपेला तीन दरवाजा आणि अंधारबाव. बाहेर ऊन असतं आणि खाली विहिरीच्या मजल्यावर उतरलं की एकदम गार. शत्रूनं वेढा दिला तर पाणी कसं राखायचं, हे तिथं पायऱ्यांवर बसून सांगता येतं. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता हे सांगितलं, मग आषाढातल्या पावसाची रात्र, राजदिंडीची वाट, महाराजांच्या वेशात पालखीत बसून गेलेला शिवा काशीद. थोरली म्हणाली, "त्याला माहीत होतं का की आपण परत येणार नाही?" मी म्हटलं, होतं. त्यानंतर ती बराच वेळ बोलली नाही. परतीच्या गाडीत आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं पुन्हा तेच विचारलं. यंदा जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले, त्यात आपला पन्हाळाही आहे, त्यामुळं आता गर्दी वाढलीये. रविवार सोडून जमलं तर बघ. शिदोरी घरची घे. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करते.

खाण्याचा आमचा एक नियम आहे. बाहेर पडलं की एकच खाऊ, आणि तो निघायच्या आधी ठरलेला. रंकाळ्यावर गेलो तर भेळ किंवा कणीस, दोन्ही नाही. पैसे थोरलीच्या बटव्यात, तीच देते आणि उरलेले तीच मोजून घेते. पहिले दोन-तीन रविवार रडारड झाली, खोटं कशाला सांगू. आता मी एखाद्या गाड्यापाशी रेंगाळलो तर तीच मला ओढते. रंकाळा तुला माहीतच आहे, तिथलं जास्त काय सांगू. फक्त चौपाटीच्या गर्दीपेक्षा संध्यामठाच्या बाजूला बसा, तिथं पोरं पळू शकतात.

टाऊन हॉलचं संग्रहालयही दाखव. तिकीट किरकोळ आहे, सोमवारी जाऊ नको. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली एक छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे तिथं, ग्रीकांच्या समुद्रदेवाची. समुद्र नसलेल्या आपल्या गावात समुद्रदेव आला कसा, एवढा एकच प्रश्न पोरांना विचारायचा आणि गप्प बसायचं. थोरली म्हणाली पुरातून वाहत आला. धाकटा म्हणाला एसटीनं. मग नकाशा काढून रोमच्या व्यापाऱ्यांचं सांगितलं. बाहेर मोठ्या झाडांची सावली आहे, बसायला पैसे पडत नाहीत.

पावसाळ्यात तर आम्ही पंचगंगेचं पाणी बघायला जातो, सगळं कोल्हापूर जातं तसं. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आता धाकट्यालाही पाठ आहेत. रोज सकाळी तो पेपर आणून देतो आणि विचारतो, "आज किती?" कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती ही तिला मिळणाऱ्या नद्यांची नावंही त्याला अशीच आली. २०१९ चं पाणी थोरलीला अंधुक आठवतं. म्हणून लांबूनच बघायचं, पाण्याजवळ जायचं नाही, हे तिला पुन्हा सांगावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंबाबाईचा किरणोत्सव. आपण तेव्हा एकदा गर्दीला कंटाळून महाद्वारातूनच परत फिरलो होतो. मावळतीची किरणं ९, १० आणि ११ नोव्हेंबरला गाभाऱ्यात शिरतात, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मग पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. गेल्या वर्षी थोरलीनं विचारलं, ह्याच तारखा का? मलाही धड माहीत नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिला म्हटलं, २२ डिसेंबरपासून, दिवस सगळ्यात लहान असतो त्या सुमारापासून, दोन्हीकडं दिवस मोज. मागं १० नोव्हेंबरपर्यंत बेचाळीस निघाले, पुढं १ फेब्रुवारीपर्यंत एक्केचाळीस. ती माझ्याकडं बघत राहिली. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना त्याच जागी मावळतो, हे तिला तिच्या बोटांनी कळलं. आणि ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना हे ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं. चाळिशीत. ढग असले, हवेत धूर असला तर किरणं पुरती पोचत नाहीत. मग लोक हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. दोन दिवस ढग निघाले तर पोरांना तेही बघू दे.

त्याआधी ५ नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा आहे. पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात. जमलं तर दोन दिवसांसाठी तरी ये, डिसेंबरची वाट कशाला बघायची. आपल्या घरी उतरा. गाद्या आहेत. पहाटे साडेतीनला उठायचं आणि पोरांच्या अंगात स्वेटर घालायचा. तेल-वाती आई देते.

कुंभार गल्ल्यांचं, चप्पल लाइनमध्ये चामड्याला वेणी घालणाऱ्यांचं, दसरा चौकात सोनं लुटतात त्या संध्याकाळचं राहिलं. समोरासमोर बोलू. वहिनींना सांग, बायकोनं दोन वर्षांची एक वही करून ठेवलीये, कुठं गेलो, किती खर्च आला, पोरं काय म्हणाली. ती वही त्यांना देणार आहे ती.

आणि एक. थोरलीला सांगितलं की तुम्ही येताय. तिनं कॅलेंडरवर ३१ जानेवारीला गोल केलाय आणि त्यात तुझ्या दोन्ही पोरांची नावं लिहिलीत. शाळा ठरली की बस किती वाजता सोडते ते कळव, म्हणजे साडेपाचच्या आत महाद्वारात पोचता येईल का ते तिला सांगतो. रोज विचारते.

तुझाच,
खोली नंबर अकरावाला