माझ्या गोलातलं टिंब

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे येण्याआधी आठ महिने आम्ही पोराला लिव्हरची औषधं देत होतो. रक्तात एसजीपीटी वाढलेलं, म्हणून तूप बंद, तळलेलं बंद. तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत, त्याला फरशीवर बसवलंत आणि म्हणालात, "ऊठ बघू." तो उपडा वळला, हात टेकले, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला. घरी आम्ही हे रोज बघत होतो. त्याच्या दणकट पोटऱ्या बघून सासूबाई दृष्ट काढायच्या. तुम्ही स्नायू झिजले की रक्तात वाढणारं सीपीके तपासायला लावलं, ते १४,००० च्या वर निघालं. वाढलेलं एसजीपीटीसुद्धा लिव्हरमधून नाही, झिजणाऱ्या स्नायूंमधून येत होतं.

मग तुम्ही कोऱ्या कागदावर आमचं घराणं काढायला घेतलंत. मुलगे चौकोन, मुली गोल. माझ्या माहेरचं विचारताना माझ्या धाकट्या मामापाशी थांबलात. तो सतराव्या वर्षी गेला, शेवटची सात वर्षं अंथरुणाला खिळून. घरात सगळे पोलिओच म्हणायचे. तुम्ही त्याचा चौकोन पेन्सिलीने काळा केलात, म्हणजे आजार असलेला. माझ्या मुलाचाही. आजीच्या, आईच्या आणि माझ्या गोलात मधोमध एकेक टिंब दिलंत, म्हणजे आजाराचं जनुक पुढे नेणाऱ्या वाहक. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे स्नायू झिजवणाऱ्या या आजाराचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इतक्या वर्षांनी मामाच्या आजाराचंही खरं नाव कळलं.

रिपोर्टमध्ये आजाराच्या जनुकातले एक्सॉन, म्हणजे तुकडे, ४५ ते ५० गायब होते. त्या जनुकाचे एकूण ७९ तुकडे असतात, हेही तेव्हाच कळलं. तुम्ही मला वाक्य लिहून दाखवलंत: समीर सकाळी बाजारी निघाला. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा, जनुकही तसंच तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. त्यातलं एकच 'का' खोडून तीन-तीन अक्षरं पुन्हा जुळवलीत, तर झालं समीर सळीबा जारीनि घाला. अख्खा 'सकाळी' काढला, तर मात्र वाक्य लागतं, फक्त आखूड होतं. आपल्या मुलाचं वाक्य बिघडलंय, म्हणून डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयारच होत नाही, हे मला बारावी नापास असून समजलं. एक्सॉन ५१ वगळून वाक्य पुन्हा जुळवू पाहणाऱ्या औषधाला २०१६ साली अमेरिकेत परवानगी मिळाली, हेही तुम्हीच सांगितलंत. त्याने आजार बरा होत नाही, हे सांगायलाही विसरला नाहीत. त्या खरेपणाचे उपकार मोठे आहेत, कारण आम्ही जमीन विकायला निघालो होतो. अभ्यासासाठी मुलाची माहिती नोंदवताना संमतीपत्रातली ओळ न् ओळ तुम्ही वाचून दाखवलीत. मी आनंदाने सही केली.

घरी "आईकडून आलंय" हे वाक्य फिरायला लागलं होतं. तुम्ही सासूबाईंना आणि ह्यांना मुद्दाम बोलावून घेतलंत. हिने काही केलेलं नाही, कुठलं जनुक द्यायचं ते कुणाच्याच हातात नसतं, असं स्पष्ट सांगितलंत. परतीच्या एसटीत सासूबाईंनी माझा हात धरला होता. वाहक बाईच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो म्हणून माझी टूडी एको करायला लावलीत. तोवर माझी तब्येत कुणी विचारलीच नव्हती.

आणि धाकटी बहीण. तिला नववा आठवडा होता. तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, उद्याच घेऊन या, म्हणालात. वाट बघायला वेळच नव्हता. अकराव्या आठवड्यानंतर लागलीच तर वारेचा तुकडा घेऊन पोटातल्या बाळाची तपासणी करता आली असती. गरज पडली नाही. तिचा रिपोर्ट चांगला आला आणि तुम्ही तिचा गोल कोरा ठेवलात.

लेक आता नऊ वर्षांचा आहे. स्टेरॉइड, कॅल्शियम, फिजिओथेरपी, सगळं वेळेवर चालू आहे. तो अजून चालतो. जिना मात्र कठडा धरून. पुढच्या महिन्यात एकोला येऊ तेव्हा बहिणीच्या मुलीलाही आणणार आहे. अडीच वर्षांची झाली. तुमच्या त्या कागदावर तिचा गोल काढायचा राहिलाय.

तुमची,
एक आई