चित्रे एका क्लासमध्ये, कोड दुसऱ्या क्लासमध्ये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की इंदुरातली शाळकरी मुले गेम बनवायला शिकू लागतात. बहुतेक ठिकाणी त्यांना 'कोडिंग' आणि 'अ‍ॅनिमेशन' असे दोन निरनिराळे कोर्स घ्यायला लावतात. माझा आक्षेप या फाळणीलाच आहे.

चालणाऱ्या पात्राची आठ चित्रे काढली आणि ती सेकंदाला 12 या गतीने फिरवली, तर दोन पावलांचा एक फेरा साधारण 0.67 सेकंदात पुरा होतो. चित्रातल्या पावलांप्रमाणे तेवढ्या वेळात पात्र 64 पिक्सेल पुढे जायला हवे असेल, तर स्क्रिप्टमधला, म्हणजे पात्र हलवणाऱ्या कोडमधला वेग सेकंदाला 96 पिक्सेल पाहिजे. शिकाऊ मूल तिथे 200 लिहिते आणि पात्र ओल्या फरशीवरून घसरत गेल्यासारखे दिसते. मग चित्रे काढणारा कोडला दोष देतो, कोड लिहिणारा चित्रांना. गोडो या गेम बनवायच्या मोफत इंजिनात नव्या चित्रमालेची गती मुळात सेकंदाला 5 चित्रे असते, हेही कोणी सांगत नाही. ती तशीच राहिली तर तोच फेरा 1.6 सेकंद रेंगाळतो.

डेल्टाचा घोळ याहून मोठा. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून (पडद्यावर उमटलेल्या मागच्या चित्रापासून) गेलेला वेळ, सेकंदात. दर फ्रेमला 5 पिक्सेल असे लिहिले, तर 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर वेग 300 होतो आणि 144 हर्ट्झच्या पडद्यावर 720. म्हणून 300 गुणिले डेल्टा लिहायचे. हे एकदा पटले की मुले कॅरेक्टर बॉडीची (गोडोतल्या चालत्या पात्राच्या तयार घटकाची) व्हेलॉसिटी, म्हणजे वेगही डेल्टाने गुणतात. तिथे पात्र हलवणारे मूव्ह-अँड-स्लाइड हे फंक्शन डेल्टा स्वतःच धरते. दोनदा गुणाकार झाला की 300 चे 5 होतात आणि पात्र गोगलगायीसारखे सरकते. गुरुत्वाकर्षणाला मात्र डेल्टा लागतोच, कारण ते दर फ्रेमला वेगात थोडी थोडी भर घालत असते.

पहिला आठवडा निव्वळ उसळत्या चेंडूला द्यावा. मुलांना पहिल्याच दिवशी राजवाड्याचे सातही मजले थ्रीडीत उभे करायचे असतात. त्यांचा उत्साह मोडू नये, पण चेंडू सोडू नये. वर चेंडूची चित्रे जवळजवळ, खाली येताना लांबलांब. सारख्या अंतरावर ठेवली तर चेंडू लिफ्टसारखा उतरतो. जमिनीला टेकताना उंची मूळच्या 0.8 पट केली तर रुंदी 1.25 पट करावी, म्हणजे आकारमान तेवढेच राहते. इथे हमखास एक चूक होते: आकार चित्राच्या मध्यापासून बदलतो, त्यामुळे चेंडू चपटा होताना जमिनीपासून सुटतो. चित्राचा ऑफसेट (चित्र किती सरकवायचे तो आकडा) बदलून आधारबिंदू तळाशी आणला की तो टेकलेला राहतो. दाबायचे ते फक्त चित्र. टक्कर ओळखणारा आकार ताणला की टकरी बिघडतात.

यूट्यूबवरचे धडे पाहताना आवृत्ती तपासावी. 2023 मध्ये गोडो 4 आले आणि किनेमॅटिक बॉडीचे नावच कॅरेक्टर बॉडी झाले. जुना कोड जसाच्या तसा उतरवला की लाल ओळी येतात आणि मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही. घरचा संगणक जुना असेल तर नवा प्रोजेक्ट करताना कंपॅटिबिलिटी रेंडरर (चित्र पडद्यावर काढण्याची, जुन्या संगणकावरही चालणारी पद्धत) निवडावा. टूडीसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

पालकांना विनंती, फी भरण्याआधी क्लासमध्ये एवढेच विचारा: पहिल्या महिन्यात मूल स्वतः काढलेली आठ चित्रे स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टवर चालवून दाखवेल का?

– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर