अण्णांनी भरून दिलेली कॅसेट तुमच्या घरी आहे का?

सप्रेम नमस्कार.

गावातल्या आणि गाव सोडून चाकण, पुणे, मुंबई, पार दुबईपर्यंत पांगलेल्या सगळ्या मंडळींना वाचनालयाची ही विनंती आहे. वर्गणीही मागणार आहोत, पण ती खाली. आधी घरातला माळा बघा, लोखंडी पेटी बघा, दिवाणाच्या खालचा कप्पा बघा.

एसटी स्टँडसमोरचं अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चाळिशीच्या पुढच्या कुणाला सांगायला नको. दुरुस्ती हा त्यांचा धंदा आणि गाणी वाटणं हा नाद. आपण कागदावर यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी ती भरून मिळायची. यादीतलं एखादं गाणं त्यांना पटलं नाही तर ते सरळ गाळायचे आणि तिथे आपल्या पसंतीचं टाकायचे. भांडायला गेलं की एकच उत्तर, "आधी ऐक, मग बोल." बहुतेक जण ऐकून गप्प बसायचे. काही जण मात्र अजून त्या रागात आहेत, हे आम्हाला वर्गणी मागताना कळलं.

गेल्या आषाढात अण्णा गेले. त्यांच्या घरच्यांनी चहाच्या खोक्यांत भरलेला सगळा संग्रह वाचनालयाला दिला. ४१२ कॅसेटी, साठएक जुन्या रेकॉर्डी आणि एक शंभरपानी वही. रेकॉर्डींची आम्हाला फार काळजी नाही. त्या कंपनीने छापलेल्या, एकीच्या शेकडो प्रती निघालेल्या. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी हेच काम करत आली आहेत, आपल्याकडची तबकडी दुसऱ्या कुणाकडे तरी सापडेल. बाजारात विकत मिळालेल्या कॅसेटींचंही तसंच. प्रल्हाद शिंद्यांची गाणी आपल्यावाचून अडलेली नाहीत.

अडलं आहे ते अण्णांनी स्वतः टेप केलेल्या दोनशेच्या आसपास कॅसेटींवर. साधारण १९७९ ते १९९४ या काळात ते खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून पंचक्रोशीतल्या जत्रा फिरले. नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांतून सुपारी फुटली, म्हणजे खेळ ठरला, की कुठला फड कुठल्या गावाला जाणार याची बातमी त्यांना पाटलाच्या आधी असायची. रात्रीचा वग, म्हणजे तमाशातलं नाटक, ते टेप करत, पण त्यांचा खरा जीव दुसऱ्या दिवशीच्या हजेरीवर, दिवसाच्या उघड्या खेळावर. कनात नाही, तिकीट नाही, ऊन चढत चाललेलं, रात्रभर नाचून गळा बसलेला, आणि तरी समोरचे म्हातारे फर्माईश करतात ती जुनी बैठकीची लावणी कुणीतरी उचलते. हे कुठल्या कंपनीने कधी छापलं नाही. त्याखेरीज खंडोबाची जागरणं आहेत, गोंधळ आहेत, भारुडं आहेत, धनगरी ओव्या आहेत, एक जयंतीचा जलसा आहे, आणि एका बाजूला फक्त अण्णांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. जात्याची घरघर इतकी जवळून आली आहे की पीठ अंगावर उडेल असं वाटतं. मध्येच ती थांबून म्हणते, "बंद कर आता, वीज जळती." सेलवरचा टेप होता तो.

त्या सेलांची एक गंमत. बऱ्याच कॅसेटींत बाजू संपत आली की शाहिराचा आवाज चिरका होत जातो आणि ढोलकी पळत सुटते. दोष शाहिराचा नाही. टेप करताना सेल उतरले, फीत हळू फिरली, आता ती नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळं घाईत ऐकू येतं. हे दुरुस्त करता येतं. दुरुस्त होत नाही ते पंचेचाळीस मिनिटांनी येणारं 'खट्'. नव्वदची कॅसेट उलटून लावेपर्यंत तमाशाच्या गवळणीतल्या मावशी आणि पेंद्या या पात्रांची चार वाक्यं गेलेली असतात. पुढे एकदम लोकांचं हसू ऐकू येतं, आणि ते कशाला हसले हे कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. वहीत अण्णांनी प्रत्येक कॅसेटीची नोंद केली आहे: गाव, तिथी, बाजू अ, बाजू ब. त्यातल्या ७१ नोंदींच्या कॅसेटी खोक्यांत नाहीत. कोऱ्या कॅसेटी तेव्हा महाग होत्या, जुन्यावरच नवं टेप करायची सवय सगळ्यांनाच होती, अण्णांनाही. आम्ही ती नावं सोडून दिली होती. मग फाल्गुनात शाळेतल्या निवृत्त बाई एक कॅसेट घेऊन आल्या. अण्णांनी त्यांना १९८८ साली भरून दिलेली, साधी हिंदी सिनेमातली गाणी. बाईंना ती पेनड्राइव्हवर हवी होती. शेवटचं गाणं संपलं, आम्ही बंद करायला हात पुढे केला आणि टेपमधून मुरळीची घाटी, तिची छोटी घंटा, वाजली. पुढे तीन मिनिटं जागरण, फीत संपेपर्यंत. वहीत त्या जागरणाची नोंद होती आणि मूळ कॅसेट नव्हती.

बाई म्हणाल्या, "हे शेवटचं मी नेहमी पुढे पळवायची."

तेव्हापासून आम्ही लोकांकडून मागून घेऊन आणखी ९ कॅसेटी पाहिल्या. त्यातल्या ६ कॅसेटींत शेवटच्या उरलेल्या फितीवर अण्णांनी न विचारता काहीतरी घातलेलं आहे. फीत कोरी सोडायची नाही हा त्यांचा हट्ट. म्हणजे ज्या गाण्यांची मूळ टेप पुसली गेली, त्यांचे दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे तुकडे गावातल्या घराघरांत पडून आहेत, लग्नात वाजवलेल्या कॅसेटींच्या शेपटाला. तुमच्याकडे असतील तर आम्हाला हव्या आहेत. कॅसेट परत मिळेल, सोबत तुमच्या गाण्यांची पेनड्राइव्हवरची प्रतही मिळेल.

दुसरी मागणी कानांची. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं तेव्हा गाणं संपल्यावर त्यांनी मोठ्याने आपलं नाव सांगितलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोवरला छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळावं म्हणून हा शिरस्ता पडला असं सांगतात. आपल्या जत्रेत नाव सांगायची गरज कुणालाच वाटली नाही, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला ती कोण हे ठाऊक होतं. अण्णांनाही. म्हणून वहीत गाव आहे, तिथी आहे, पण गाणारीचं नाव जवळजवळ कुठेच नाही. एका हजेरीतला आवाज तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचाच, असं तिघं जण शपथेवर सांगतात. चौथे तितक्याच शपथेवर नाही म्हणतात. आम्ही लेबलवर काहीच लिहिलेलं नाही. तीन विरुद्ध एक अशा मतांनी आवाज ठरवायचा नसतो.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं काम उभं केलं, त्या एक लाखाच्या वर गेल्या. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं. आपल्यालाही तेच करायचं आहे, तीस-चाळीस वर्षं उशिरा. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या ओसरीवर एक कॅसेट लावतो. साठीच्या पुढच्या मंडळींनी यावं. ढोलकीवरून फड ओळखणारे, सोंगाड्याच्या खोकल्यावरून माणूस सांगणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. मागच्या शनिवारी एका आजींनी तुणतुण्यावाल्याचं नाव, त्याचं गाव आणि त्याने कुणाचे किती पैसे बुडवले तेही सांगितलं. शेवटची माहिती नोंदवलेली नाही. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी आम्ही टेप घेऊन येऊ.

नारायणगावजवळच्या खोडदला तीस तबकांची रेडिओ दुर्बीण आकाशातली किती जुनी कुजबुज ऐकत बसली आहे, आणि तिथून हाकेच्या अंतरावर १९८४ सालच्या जत्रेत कोण गात होतं ते आपल्याला सांगता येत नाही. असो.

आता पैसा. सुरुवातीला बारा कॅसेटी आम्ही शहरात एका ठिकाणी करायला दिल्या होत्या. आवाज 'स्वच्छ' करून आला. इतका स्वच्छ, की हलगीची कडकड खरखर समजून यंत्राने पुसून टाकली आणि मागे साथीला गाणारे झीलकरी विहिरीत बसून गात आहेत असं वाटायला लागलं. मूळ कॅसेटी शाबूत परत आल्या एवढंच नशीब. तेव्हा काम इथेच करायचं ठरलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक डेक आणला. आतल्या पट्ट्याचं डांबर झालं होतं, तो अण्णांच्याच एका शागिर्दाने बदलून दिला. कॅसेट लावायची, हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवायचा, झांजेला धार आली की थांबायचं, आणि मग भरायला सोडायचं. प्रत्येक कॅसेटीला हे नव्याने करावं लागतं. काहींच्या आतली नमद्याची गादी गळून पडलेली असते, ती दुसऱ्या कॅसेटीतून काढून बसवायची. याला घाई चालत नाही आणि टेप दुप्पट वेगाने वाजवूनही भागत नाही.

सगळ्या ४१२ कॅसेटी धरल्या तर सहाशेच्या वर तास होतात. एका डेकवर रोज तीन तास म्हणजे दोनशे दिवस. अण्णांनी टेप केलेल्या आधी घेतल्या आहेत, तरी दुसरा डेक लागणारच. संगणकाला जोडायचा ऑडिओ इंटरफेस लागेल. आवाज न दाबता (कॉम्प्रेस न करता), ९६ किलोहर्ट्झ २४ बिटवर ठेवलं की तासाला दोन जीबीच्या आसपास जागा जाते, म्हणून दोन मोठ्या हार्डडिस्का, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या गावात. ओल न लागणारं लोखंडी कपाट. आणि आठ महिने हे काम करणाऱ्या कॉलेजातल्या मुलीला महिना ९,००० रुपये. हे फुकट करून घ्या असं सुचवणाऱ्यांनी आधी एक पूर्ण कॅसेट हेडफोन लावून ऐकावी. एकूण खर्च १,४४,००० रुपये. जमले आहेत ५१,०००. सरकारी अनुदानातून हा खर्च दाखवता येत नाही, ते पुस्तकांवर, मासिकांवर आणि पगारावर जातं, तिथेही पुरत नाही. आमच्याकडे आयकराची ८०-जी नोंदणी नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही. पावती मात्र शंभर रुपयांचीही मिळेल आणि हिशोब दर महिन्याला फलकावर लागेल. धनादेश वाचनालयाच्या नावे द्यावा. बाहेरगावच्यांनी इथल्या घरच्यांमार्फत पाठवलं तर सोपं जाईल.

हे सगळं मोबाइलवर कधी येणार, असं पुष्कळ जण विचारतात. सरसकट येणार नाही. कलावंताचा आपल्या सादरीकरणावर कायद्याने पन्नास वर्षं हक्क असतो, आणि यातलं एकही टेप अजून तेवढं जुनं नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बायांनी हे गायलं त्यांच्यातल्या काहींच्या नातवंडांना आजीचं नाव चारचौघांत नको आहे. ते तसं का, हे आपल्या गावाला चांगलं माहीत आहे. म्हणून आवाज ओळखला की पहिली प्रत त्या घरी जाते. त्यांनी हो म्हटलं तर पुढे, नाही म्हटलं तर ती वाचनालयात येऊन ऐकण्यापुरती राहील. त्यांनी बंद ठेवा म्हटलं तर बंद.

कॅसेट सापडली तर घरच्या जुन्या टेपवर लावून बघू नका, फीत गुंडाळली की अर्धं काम तिथेच संपतं. पेन्सिल घालून फिरवूही नका. पांढरी बुरशी दिसली तर पुसू नका, तशीच कागदी पिशवीत घालून आणा. सोमवार सोडून रोज सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७ काउंटरवर घेतो. आणि डबीतली यादीची चिठ्ठी फेकू नका. पुढच्या बाजूला तुमचं अक्षर असेल, मागे बहुतेक अण्णांचं.

आपले,
वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकरिता, चिटणीस